छोट्या वन्यजीवांचे फोटो आणि त्यांचं एडिटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिलमध्ये सरड्यांबद्दल, जूनपासून बेडकांबद्दल आणि दिवाळीच्या आसपास "हार्ड डिस्कवर पडलेल्या त्या फोटोंचं आता काय करू" असे प्रश्न दरवर्षी न चुकता येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर पुन्हा न लिहिता तिथला क्रमांक दिला आहे. उदाहरणं बहुतेक सह्याद्रीतली आहेत.

१. छोटे वन्यजीव म्हणजे नक्की कोणते?

इथे तरी बेडूक, सरडे, पाली, साप, खार, शेकरू, फार तर मुंगूस. कीटक आणि कोळी यांना जवळजवळ हीच तंत्रं लागू पडतात, पण त्यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. पक्षी यात नाहीत, त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

२. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. जमेल का?

जमेल, पण प्राणी बघून. हल्लीच्या काही फोनमध्ये मॅक्रो मोड असतो, तो दोन-तीन सेंटिमीटरवरून फोकस करतो. झोपलेला झाडबेडूक किंवा भिंतीवरची पाल यांना ते चालून जातं. सापाच्या इतक्या जवळ जायचं नाही, तो विषारी असो वा नसो (प्रश्न १२ पाहा). फोनवर क्लिपने लावायची मॅक्रो भिंगं स्वस्तात मिळतात. त्यांच्या कडा धूसर येतात, म्हणून प्राणी चौकटीच्या मध्यावर ठेवा आणि नंतर क्रॉप करा. फोनच्या अ‍ॅपमध्ये रॉ फोटो (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढायची सोय असेल तर ती चालू करा, कारण फोन स्वतःच फोटो इतका शार्प करून देतो की पुढे एडिटिंगला काही उरतच नाही.

३. मॅक्रो लेन्स ६०ची घेऊ, १००ची की १८०ची?

एकच घ्यायची तर ९० ते १०५ मिलिमीटरमधली घ्या. ६०ची हलकी असते, पण पूर्ण मोठेपणासाठी (एकास एक, म्हणजे प्राणी सेन्सरवर प्रत्यक्ष आकाराइतकाच उमटण्यासाठी) ती प्राण्याच्या अगदी तोंडाशी न्यावी लागते आणि तिची सावली त्याच्यावर पडते. १८०ची लांबून काम करते आणि सापांसाठी उत्तम, पण वजनाने मनगट दुखतं आणि किंमतही जास्त. १००च्या आसपासची लेन्स एकास एक मोठेपणाला साधारण तीस सेंटिमीटरवर फोकस करते. मात्र हे अंतर सेन्सरपासून मोजतात. लेन्सच्या तोंडापासून प्राण्यापर्यंत त्यातलं जेमतेम निम्मं उरतं. कॅटलॉगमधला आकडा वाचून बरेच जण इथे फसतात.

पैसे कमी असतील तर आधीच्या ७०-३०० सारख्या झूमच्या पुढे अडकवायची क्लोज-अप भिंगं चांगली. रेनॉक्सचं डीसीआर-२५० त्यासाठी वर्षानुवर्षं लोकप्रिय आहे, आठ डायॉप्टर ताकदीचं आहे आणि ५२ ते ६७ मिलिमीटरच्या फिल्टर थ्रेडवर क्लिपने बसतं. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळ्या, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूबही चालतात. पठारावरच्या सरड्यांसाठी यातलं काहीच लागत नाही. तिथे ३०० किंवा ४००ची टेलिफोटोच हवी, मॅक्रो घेऊन गेलात तर सरडा तुम्हाला दहा फुटांच्या आत येऊच देणार नाही.

४. सेटिंग सांगा ना. एफ किती, शटर किती?

एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बारीक. आधी एक हिशेब लक्षात घ्या. मोठ्या सेन्सरच्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यावर एकास एक मोठेपणाला एफ/८ वर फोकसची खोली जेमतेम एक मिलिमीटर असते. अर्ध्या मोठेपणाला तीच सुमारे तीन मिलिमीटर होते. बेडकाचा डोळा आणि नाकाचं टोक यांत याहून जास्त अंतर असतं, म्हणजे दोन्ही शार्प मिळणार नाहीत हे गृहीतच धरायचं. मग डोळा निवडायचा. प्राण्याला बाजूने, सेन्सरला समांतर घेतलं की त्याच तीन मिलिमीटरांत बरंच काही मावतं.

"मग एफ/२२ लावतो" म्हणणाऱ्यांसाठी: एकास एकला लेन्सचं परिणामी अ‍ॅपर्चर लिहिलेल्याच्या दुप्पट बारीक होतं. एफ/१६ तिथे एफ/३२ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. मी एफ/८ ते एफ/१३ च्या पुढे जात नाही.

फ्लॅशसह सुरुवात म्हणून मॅन्युअल मोड, शटर १/१६०, एफ/११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० ते ४००, फ्लॅश एक-अष्टमांश ताकदीवर. पहिला फोटो बघा आणि फ्लॅशची ताकद कमी-जास्त करा. बाकीच्या आकड्यांना हात लावायची गरज सहसा पडत नाही. फ्लॅश कमी ताकदीवर असला की त्याचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाच टिकतो, त्यामुळे हात थरथरला तरी फोटो गोठतो. मॅक्रोत फ्लॅश वापरायचं निम्मं कारण हेच आहे.

५. फ्लॅश मारला की बेडूक प्लास्टिकचा दिसतो. अंगभर पांढरे ठिपके येतात. एडिटिंगमध्ये जातील का?

नाही जाणार, आणि हा प्रश्न इतका येतो की उत्तर सविस्तर देतो.

ते ठिपके म्हणजे ओल्या कातडीवर पडलेलं फ्लॅशचं प्रतिबिंब. बेडकाची कातडी ओली असणारच, ती ओली नसली तर बेडूक अडचणीत आहे. प्रतिबिंब टाळता येत नाही, पण ते कसं दिसावं हे तुमच्या हातात असतं. छोट्या, उघड्या फ्लॅशचं प्रतिबिंब टाचणीच्या टोकासारखं झगझगीत येतं. त्याच फ्लॅशपुढे तळहाताहून मोठा डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारा पडदा) धरला तर तोच ठिपका पसरून मंद चमक होते आणि तिच्याखालचा रंग दिसत राहतो. महत्त्वाचं असतं ते प्राण्याच्या तुलनेत डिफ्यूझर किती मोठा आणि किती जवळ आहे. दोन फुटांवरचा मोठा सॉफ्टबॉक्स आणि चार इंचांवरचा छोटा डिफ्यूझर यांत दुसराच जिंकतो.

विकतचे चांगले आहेत, पण घरी केलेले कमी नाहीत. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातून येणारा पांढरा पातळ फोम, ट्रेसिंग पेपर, दुधाळ प्लास्टिकची फाइल यांपैकी काहीही लेन्सच्या टोकावरून पुढे झुकेल असं बसवा. फोमचे दोन थर आणि मध्ये बोटभर मोकळी जागा ठेवली तर प्रकाश आणखी सारखा पसरतो. पावसात ट्रेसिंग पेपरचा लगदा होतो, तिथे प्लास्टिकच.

एडिटिंगकडून अपेक्षा का ठेवू नये, तर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंगांचे चॅनल भरून पूर्ण पांढरे झाले की त्या जागी माहितीच उरत नाही. हायलाइट्सचा (उजळ भागांचा) स्लायडर खाली ओढला की पांढऱ्याचा राखाडी होतो आणि बेडकाच्या पाठीवर कोड उठल्यासारखं दिसतं. शेजारचा भाग वर चिकटवणारी क्लोन किंवा हील ही साधनं वापरून ठिपके पुसले तर कातडीचा खरखरीतपणाही पुसला जातो, आणि ओला प्राणी कोरडा दिसायला लागतो.

६. आणि मागे सगळं काळंकुट्ट येतं त्याचं काय?

फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. बेडूक वीस सेंटिमीटरवर आणि मागची झाडी दोन मीटरवर असेल तर झाडीला बेडकाच्या शंभरपट कमी प्रकाश मिळतो. रात्रीच्या प्राण्याला काळी पार्श्वभूमी शोभते, ती दोष मानू नका. दिवसा मात्र शटर १/३० ते १/६० पर्यंत खाली आणा आणि आयएसओ ८०० ते १६०० करा, म्हणजे आजूबाजूचा उजेडही नोंदला जाईल. किंवा स्वतः थोडं सरकून असा कोन घ्या की प्राण्यामागे जवळच एखादं पान येईल. पान तोडून मागे धरणारे लोक असतात. धरलेलं पान फोटोत ओळखू येतं, देठ बहुतेक वेळा उलट्या दिशेला असतो.

७. फ्लॅशमुळे प्राण्यांचे डोळे जातात का?

घाबरायचं कारण नाही, पण बेफिकिरीही नको. रात्री अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झोत पडला की काही वेळ त्यांना नीट दिसत नसणार, तेवढ्यात भक्ष्य निसटू शकतं किंवा शत्रू गाठू शकतो. म्हणून मोजके फोटो, कमी ताकद, मोठा डिफ्यूझर. फोकस करण्यासाठी टॉर्च मंद ठेवा, लाल असेल तर उत्तमच. नर बेडूक ओरडायचा थांबला तर तुमच्यामुळे थांबला असं समजा, टॉर्च बंद करून मागे सरका. तो पुन्हा सुरू झाला तर पुढचा फोटो घ्या, नाही झाला तर दुसरीकडे चला.

८. कुठे जाऊ? आणि कधी?

पहिली जागा घराचं अंगण किंवा सोसायटीची बाग. खार, सरडा, पाल, कुंडीतला बेडूक एवढं तिथे मिळतं, आणि रोज तीच खार बघितल्यावर ती कधी कुठल्या फांदीवर येते हे कळायला लागतं. फोटोला उपयोगी पडणारं सगळ्यात मोठं ज्ञान हेच.

पावसाळ्यासाठी आंबोलीचं नाव सगळे घेतात आणि ते योग्यच आहे. पाण्यावर वाकलेल्या फांदीला फेसाची घरटी करणारा मलबार ग्लायडिंग फ्रॉग, हिरवा, पिवळा किंवा तपकिरी अशा वेगवेगळ्या रंगांत भेटणारा मलबारी चापडा आणि हरणटोळ हे साप, आणि २००९ साली नव्याने वर्णन झालेला आंबोली टोड. हा टोड जगात फक्त आंबोलीच्या आसपास आढळतो आणि अतिसंकटग्रस्त आहे. पहिल्या पावसात कातळसड्यावरच्या (उघड्या खडकाळ पठारावरच्या) उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. रात्री त्या सड्यावर टॉर्च न टाकता चालणं म्हणजे त्या अंड्यांवर पाय देणं. जून-जुलैत तिथे गर्दी होते. मला विचाराल तर सप्टेंबर बरा, पाऊस उघडझाप करतो आणि कॅमेरा बाहेर काढता येतो.

उन्हाळ्यात साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार. इथल्या पंखगळ्या सरड्याचं सरडा सुपर्बा या नावाने २०१६ साली वर्णन झालं. विणीच्या काळात, मार्च ते मे, नर उंचशा दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडमीट करतो. सकाळी नऊच्या आत पोहोचा, नंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबच्या लेन्सने काढलेला एकही फोटो शार्प येत नाही. त्या थरथरीवर एडिटिंगमध्ये इलाज नाही. दगडापासून लांब पोटावर झोपा आणि वाट बघा. नराने दगड ठरवलेला असतो, तो तिथेच परत येतो.

९. भीमाशंकरला शेकरू दिसला, पण फोटोत नुसती काळी आकृती. काय चुकलं?

कॅमेऱ्याने मागचं पांढरं आकाश मोजलं. शेकरू उंच झाडावर असतो, त्यामुळे हे होणारच. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ घ्यायचा ते ठरवणारं सेटिंग) अधिक एक ते अधिक पावणेदोनपर्यंत न्या, आकाश जळालं तर जळू द्या. त्याहून बरं म्हणजे उताराच्या वरच्या बाजूला उभं राहा, म्हणजे शेकरू डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि मागे झाडी मिळते. रॉ काढला असेल तर काळ्या आकृतीतूनही बरंच परत आणता येतं, पण सावल्या उचलल्या की केसांत नॉइज (दाणेदारपणा) दिसतो (प्रश्न १७). अंगणातल्या खारीसाठी शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान हवं.

१०. परवानगी लागते का?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाची परवानगी घ्यावी लागते. गेटवर मिळणारा प्रवेश नेमका कशासाठी आहे ते वाचा. कॅमेऱ्याची वेगळी पावती असते आणि रात्री फिरायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. अभयारण्याबाहेरच्या गावात, खाजगी जागेत मालकाला विचारा. आंबोलीसारख्या ठिकाणी स्थानिक वाटाड्या घ्या, त्याला जागा माहीत असतात आणि चार पैसे गावात राहतात.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. या कायद्यातली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं हेही तिच्यात येतं, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी व घरटी विचलित करणंही. "मी फक्त फोटोसाठी पकडला होता" हे उत्तर तिथे चालत नाही.

११. बेडूक वाईट जागी बसला होता. अलगद उचलून चांगल्या पानावर ठेवला तर काय बिघडलं?

बरंच बिघडलं. बेडकाची कातडी पाणी आणि हवा दोन्ही आत घेते, आणि त्याबरोबर तुमच्या हातावरचं सनस्क्रीन, डास पळवायचं मलम, घामातलं मीठही. डासांच्या काही मलमांत असणारं डीट हे रसायन तर प्लास्टिकसुद्धा खराब करतं, कॅमेऱ्याच्या पकडीवरचं रबर बघा. एका डबक्यातून दुसऱ्या डबक्याकडे जाणाऱ्या हातांनी आणि बुटांनी कायट्रिड बुरशी पसरू शकते, या बुरशीने जगात अनेक ठिकाणी बेडकांच्या जाती संपवल्या आहेत. म्हणून दोन जागांच्या मध्ये बूट घासून, धुऊन, वाळवून घ्यावेत.

शिवाय फोटो खोटा होतो. पायवाटेच्या चिखलात बसणारा बेडूक लाल जास्वंदीवर दाखवला की पाहणारा त्याच्याबद्दल चुकीचं शिकतो. पान छत्रीसारखं धरलेला बेडूक, गोगलगायीवर स्वार झालेला बेडूक, एका काडीवर ओळीने बसलेले पाच बेडूक असे फोटो दिसले की आधी शंका घ्या. प्राणी थंड करून किंवा बांधून असे फोटो काढले जातात. लाइक करण्यापूर्वी त्याचे पाय आणि तोंड नीट बघा, उघडं तोंड म्हणजे हसू नव्हे.

दगड उलटवण्याबद्दलही हेच. कातळसड्यावरच्या सुट्या दगडाखाली पाली, विंचू, देवगांडूळ ओलावा धरून राहिलेले असतात. दगड परत ठेवला तरी तो आधीसारखा बसत नाही आणि खालचा ओलावा उडून जातो. जो प्राणी दगडाखाली आहे त्याचा फोटो तुम्हाला आज मिळणार नव्हता, एवढंच.

मग हलवायचं काय? स्वतःला. गुडघ्यावर बसा, कोन बदला. डोळ्यासमोर आलेलं एखादं गवताचं पातं बोटाने बाजूला वाकवून धरलं आणि नंतर सोडलं तर माझी हरकत नाही. ते कापलं तर आहे, कारण त्या पात्यामुळेच तो प्राणी लपलेला होता.

१२. सापाच्या किती जवळ जावं?

निदान त्याच्या पूर्ण लांबीइतकं अंतर ठेवा, आणि ओळख पटली नसेल तर तो विषारी आहे असंच धरा. फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे चौघे सगळ्यांना माहीत असतात. चापड्याचा मुद्दा वेगळा आहे. भारतात मिळणारं प्रतिविष या चार सापांच्या विषाविरुद्ध बनवलेलं असतं, चापड्याविरुद्ध नाही. तो तासन्‌तास एका फांदीवर निपचित असतो म्हणून लोक लेन्स त्याच्या नाकाशी नेतात. रात्री एकटं जाऊ नका, गमबूट घाला, बसण्यापूर्वी बसायची जागा टॉर्चने बघा, कारण फोटोतल्या सापापेक्षा न दिसलेला साप जास्त धोक्याचा. दंश झालाच तर १०८ला फोन आणि थेट रुग्णालय. चीर देणं, आवळून बांधणं, फोटो दाखवायला साप पकडणं, यांतलं काही नाही.

१३. पावसात कॅमेरा कसा सांभाळू? लेन्सवर सारखं धुकं धरतं.

धुकं धरतं ते थंड काचेवर दमट हवा आल्यामुळे. गाडीत एसी लावून घाट चढलात आणि वर उतरून लगेच कॅमेरा काढला की हमखास होणार. शेवटचा अर्धा तास एसी बंद, खिडकी उघडी. हॉटेलच्या खोलीतही तेच. पुसत बसू नका, काच हवेच्या तापमानाला आली की धुकं आपसूक जातं.

घरी आल्यावर सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा किंवा ड्राय कॅबिनेट, आर्द्रता ४० ते ५० टक्के. पावसाळाभर कॅमेरा कापडी बॅगेत कपाटात ठेवला तर लेन्सच्या आत बुरशीचं जाळं दिसायला लागतं. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्लाही फिरत असतो. पिठाची भुकटी आत जाते, नको.

१४. रॉ कशाला? आणि सॉफ्टवेअर फुकट कोणतं?

रॉमध्ये व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची दुरुस्ती) नंतर बदलता येतो आणि उजेड-सावल्यांत जागा असते. रात्रीच्या फोटोंना दोन्ही लागतं. फुकट हवं तर संगणकावर डार्कटेबल किंवा रॉथेरपी, फोनवर स्नॅपसीड. पुढे थर लावायचे तर गिंप. लाइटरूम आणि फोटोशॉप सोयीचे आहेत, पण भाडं महिन्याचं आहे. डार्कटेबल शिकायला वेळ लागतो, हे आधी सांगतो म्हणजे नंतर शिव्या नकोत.

१५. एडिटिंग कोणत्या क्रमाने करायचं?

माझा क्रम असा. आयएसओ जास्त असेल तर सगळ्यात आधी नॉइज काढतो, कारण लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं एआय डीनॉइज रॉ फाइलवर काम करतं. मग व्हाइट बॅलन्स (प्रश्न १६). मग एक्स्पोजर, आणि इथे हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघायचा. पंखगळ्या सरड्याचा नारिंगी रंग एकूण उजेड ठीक दिसत असतानाही लाल चॅनलमध्ये जळून गेलेला असतो, मग पंख्यावरच्या शिरा आणि खवले जाऊन नारिंगी रंगाचा सपाट डाग उरतो. अशा वेळी सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) कमी केल्याने परत आलं तर येतं.

त्यानंतर क्रॉप. प्राणी ज्या बाजूला बघतोय तिकडे जागा सोडा, आणि शेपटी कापायचीच असेल तर ठामपणे कापा. टोक थोडंसं राहून गेलं की चूक वाटते.

मग मास्क लावून, म्हणजे फोटोचा ठराविक भागच निवडून, स्थानिक काम: मागचं एखादं उजळ पान थोडं दाबणं, डोळ्याच्या भागाला किंचित उजेड. डोळ्यात इतका उजेड भरू नका की रात्रीच्या प्राण्याची बाहुली करडी दिसेल. क्लॅरिटी आणि टेक्श्चर हे बारकावे उठावदार करणारे स्लायडर बेडकांवर फार जपून वापरा. गुळगुळीत झाडबेडूक क्लॅरिटीने खडबडीत होतो आणि ओळखणारा गोंधळतो. डीहेझ आंबोलीच्या फोटोवर लावूच नका, धुकं काढायचं होतं तर आंबोलीला गेलात कशाला?

शार्पनिंग शेवटी, फोटो कुठे दाखवायचा त्या आकारात लहान केल्यावर.

१६. सगळा फोटो हिरवट येतो. बेडूक खरा कसा होता तेच आठवत नाही.

पानांतून गाळून आणि पानांवरून उसळून आलेला प्रकाश हिरवा असतो, पांढरी पोटंसुद्धा हिरवी होतात. प्राण्याला धक्का न लावता त्याच प्रकाशात ग्रे कार्डचा (ठराविक करड्या रंगाच्या कार्डाचा) एक फोटो घ्या आणि घरी त्यावरून व्हाइट बॅलन्स उचला. फ्लॅशच मुख्य प्रकाश असेल तर ५५०० केल्व्हिनच्या आसपास सुरुवात करा. स्वस्त एलईडी टॉर्चचा प्रकाश स्वतःच हिरवट असतो, तो आणि फ्लॅश मिसळले तर एका व्हाइट बॅलन्सने दोन्ही सुधारत नाहीत, मास्क लावावा लागतो.

पान आणि बेडूक दोघेही हिरवे असतील तर हिरव्या रंगाचा स्लायडर दोघांनाही ओढतो. आधी प्राण्याचा मास्क, मग रंग. आणि रंगछटा बदलण्याची खेळी चापड्यावर तर नकोच, तो मुळातच अनेक रंगांत असतो. तुम्ही केलेला पिवळा कोणीतरी खरा पिवळा म्हणून नोंदवेल.

१७. नॉइज काढला की कातडी मेणासारखी होते. मधला मार्ग?

एआय डीनॉइज पन्नासच्या आसपास ठेवून शंभर टक्के झूमवर डोळा आणि खवले बघा, मग कमी करा. थोडा नॉइज राहिला तरी चालतो. यातली खरी गोम वेगळी आहे: ही साधनं धूसर भागात तपशील स्वतः रचतात. पालींच्या आणि सापांच्या जाती अनेकदा खवल्यांच्या रचनेवरून ओळखतात, आणि रचलेले खवले अभ्यासकाला फसवतात. ओळखीसाठी पाठवायचा फोटो डीनॉइज न करता पाठवा.

शार्पनिंगमध्ये मास्किंगचा स्लायडर ऑल्ट की दाबून ओढला की कुठे परिणाम होतोय ते काळ्या-पांढऱ्यात दिसतं. मागची धूसर झाडी पूर्ण काळी होईपर्यंत ओढा.

१८. जिवंत प्राण्याचं फोकस स्टॅकिंग करता येतं का?

स्टॅकिंग म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेल्या फ्रेम जोडून एक शार्प फोटो करणं. ते जमतं, प्राणी थांबला तर. दिवसा पानावर झोपलेला झाडबेडूक आणि हरणटोळ हे त्यासाठी भले. पाच ते दहा फ्रेम पुरतात, कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप सरकवत फ्रेम घेण्याची सोय) असेल तर उत्तम. फ्लॅशची ताकद इतकी कमी ठेवा की तो प्रत्येक फ्रेमला चार्ज होईल. हेलिकॉन फोकस आणि झीरीन स्टॅकर ही खास साधनं. फोटोशॉपमध्ये ऑटो-अलाइन आणि मग ऑटो-ब्लेंड.

अडचण गळ्याची. झोपलेल्या बेडकाचाही गळा हलतो आणि स्टॅकमध्ये तिथे दुहेरी कडा येतात. एक चांगली फ्रेम निवडून गळ्याचा भाग तिच्यातूनच मास्कने आणा. वारा असेल तर नादच सोडा.

१९. फोटोतली एक काडी काढली. ही फसवणूक झाली का?

भिंतीवर लावणार असाल तर तुमची मर्जी. स्पर्धेला पाठवणार असाल तर बहुतेक मोठ्या स्पर्धांत हो. सेन्सरवरची धूळ काढणं, क्रॉप, माफक रंग-उजेड आणि स्टॅकिंग सहसा चालतं. मुळात तिथे असलेली गोष्ट काढणं किंवा नसलेली घालणं चालत नाही, आणि अंतिम फेरीत रॉ मागतात. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेतलं २०१७चं एक पारितोषिक २०१८ मध्ये काढून घेण्यात आलं, कारण फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचं तज्ज्ञांचं मत पडलं. छायाचित्रकाराने ते नाकारलं, पण निर्णय बदलला नाही. एकट्या एडिटिंगकडे बघून चालत नाही ते यासाठी. ओळखीच्या नोंदींसाठी तर काडीसुद्धा माहिती असते, प्राणी कुठल्या झाडावर होता ते तिच्यावरून कळतं.

२०. माझ्या स्क्रीनवर छान, फोनवर भडक. का?

एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी (बहुतेक पडद्यांना समजणारी रंगपद्धत) निवडा. फोनचे पडदे रंग वाढवून दाखवतात, म्हणून टाकण्यापूर्वी दोन वेगळ्या फोनवर बघा. संगणकाचा पडदा अर्ध्या उजेडावर आणा, पूर्ण उजेडावर एडिट केलेले फोटो छापल्यावर काळे येतात.

२१. फोटोसोबत ठिकाण टाकू का?

जिल्हा किंवा तालुका पुरे. पाली, कासवं, साप यांची चोरटी विक्री होते, आणि चोर नसले तरी पन्नास कॅमेरे एका डबक्याभोवती जमणं तेवढंच वाईट. फोनने काढलेल्या फाइलमध्ये जीपीएस आपोआप साठतो, एक्स्पोर्ट करताना तो काढा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ठिकाण अस्पष्ट ठेवायची सोय आहे, त्यात खरी जागा साधारण २२ किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी दाखवली जाते. संकटग्रस्त जातींना ती आपोआप लागते. अभ्यासकाला नेमकी जागा हवी असेल तर खाजगीत द्या.

२२. सर्पमित्राने सोडताना काढलेला सापाचा फोटो 'वन्य' म्हणून टाकू शकतो का?

साप वन्य आहे, प्रसंग नाही. "सुटका करून सोडताना" असं स्पष्ट लिहा. सोडलेल्या सापाभोवती गोल करून त्याला फणा काढायला लावणं हे प्रश्न ११ मधल्या बेडकाइतकंच वाईट. घरात स्वतःहून शिरलेली पाल किंवा न्हाणीघरातला बेडूक मात्र निःसंकोच वन्य म्हणा, तो त्याच्या मर्जीने आला आहे.

२३. फोटो चांगला आला, पण जात कोणीच सांगत नाही.

चांगला आणि ओळखण्याजोगा हे एकच नसतं. सुंदर फोटो झाल्यावर दोन-चार साधे फोटो घ्या: वरून पूर्ण पाठ, बाजूने डोळा आणि कानाचा पडदा, पायाची बोटं आणि त्यांतला पडदा. आकार कळण्यासाठी त्याच पानाशेजारी नंतर, प्राणी गेल्यावर, एखादं नाणं ठेवून फोटो काढा. छोट्या झाडबेडकांत रंगावरून काही ठरत नाही, एकाच जातीचे दोन नर शेजारी बसून वेगळे दिसतात. त्यांचा आवाज मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, बहुतेक वेळा जाणकाराला फोटोपेक्षा त्याचाच उपयोग होतो. रेकॉर्ड करताना तारीख, वेळ आणि पाऊस चालू होता का, एवढं तोंडाने बोलून ठेवा.